नारायण वामन टिळक : दोन वह्यांतील एक नाव

मांजर्ली व बदलापूर या बाजूच्या ख्रिस्ती घरांत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो, आणि त्याचे उत्तर कसे द्यावे म्हणून उपदेशक बंधू आम्हांस विचारीत असतात. मुले शाळेत जातात; तेथे त्यांस मूळ गाव कोणते म्हणून विचारितात; ती घरी येऊन आजोबांस विचारितात. आजोबांनी काय सांगावे? कोणी अंबरनाथच्या कारखान्यात कामास लागला, कोणी कल्याणास रेल्वेत. येतेसमयी डोकीवर वळकटी होती, कुळाचा वृत्तांत नव्हता. बापाचे गाव नगरकडे किंवा जालन्याकडे होते एवढे ठाऊक असते. पणजोबाचे नाव कित्येकांस सांगता येत नाही. मग मुलास वाटते की आपले घराणे आकाशातून पडले.

ते आकाशातून पडलेले नाही. पण माग कोठे काढावा हे कळले पाहिजे. म्हणून या वेळी आम्ही कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र निराळ्या रीतीने सांगणार आहो. त्यांची पदे आपण दर आदितवारी गातो, तेव्हा कवी म्हणून त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्यांचे आयुष्य कोणकोणत्या गावांतून गेले, आणि त्याची नोंद कोठे राहिली व कोठे तुटली, हे पाहिले म्हणजे ज्याला आपल्या घराचा शोध करावयाचा आहे त्याला वाट सापडेल. शिवाय टिळकांचे बाळपण मांजर्लीकरांच्या अगदी शेजारी, म्हणजे कल्याणास, गेलेले आहे.

प्रथम दोन वह्यांविषयी सांगितले पाहिजे. नाशिक, त्र्यंबकेश्वर वगैरे क्षेत्रांत तीर्थोपाध्याय असतात. त्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. अमुक गावचे, अमुक आडनावाचे यात्रेकरू आले की उपाध्याय वही काढतो, त्यांच्या बापाची व आजाची नावे वाचून दाखवितो, आणि नव्या पिढीची नावे खाली लिहून घेतो. कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरी वंशावळ नाहीशी झाली तरी ती अशा वहीत बहुधा सापडते. दुसरी वही मंडळीची, म्हणजे बाप्तिस्म्याची. पहिल्या वहीत मनुष्य आपल्या पूर्वजांच्या रांगेच्या शेवटी उभा असतो. दुसरीत पुष्कळदा तोच रांगेचा आरंभ असतो. टिळकांचे सारे आयुष्य या दोन वह्यांच्या मध्ये गेले असे म्हटल्यास चालेल.

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे ६ डिसेंबर रोजी झाला. वर्ष कोणते? काही ग्रंथांत १८६१ दिले आहे, काहींत १८६२. इतक्या प्रसिद्ध पुरुषाच्या जन्माच्या सालाविषयी एकमत नसावे याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु त्या काळी कोकणातील खेड्यात जन्माचा दाखला मिळत नसे. घरी जन्मपत्रिका करीत. ती हरवली, वाळवीने खाल्ली, की सारे आठवणीवर. म्हणून आपल्या आजोबांचे वय नक्की ठाऊक नसेल तर कोणी शरमू नये. येथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवितो, कारण ती पुष्कळजण विचारितात : लोकमान्य टिळक व हे टिळक सख्खे भाऊ नव्हत. आडनाव एक व प्रांत एक, एवढ्यावरून नाते जोडू नये. वंशाचा शोध करणारे फसतात ते बहुधा येथेच.

वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने ते करडे. मुलाशी गोड बोलणे त्यांच्या रीतीत नव्हते. आई जानकीबाई मृदू मनाची, भाविक, व गाण्याकवितेची आवड असलेली होती. मुलाने जे काही घेतले ते आईपासून घेतले असे त्यांचे चरित्र लिहिणारे सर्वच सांगतात. पुढे ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारण्याची जी त्यांची रीत पडली तिचे मूळ त्या घरात होते असे आम्हांस वाटते.

हे कुटुंब कोकण सोडून कल्याणास आले. आज बदलापुराहून गाडीत बसले म्हणजे अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्टेशने जाऊन कल्याण येते. त्या वेळी उल्हासनगर हे नावही नव्हते. कल्याणापर्यंत आगगाडी १८५४ साली आली होती, आणि उल्हास नदीच्या खाडीवरचे हे जुने बंदर हळूहळू रेल्वेचे गाव होऊ लागले होते. जाता जाता सांगतो की कल्याणाचा व ख्रिस्ती मंडळीचा संबंध टिळकांहून फार प्राचीन मानितात. सहाव्या शतकात कोस्मास नावाच्या एका प्रवाशाने कल्लियाना म्हणून एका बंदराचा उल्लेख केला आहे, व तेथे इराणातून नेमलेला बिशप असे असे लिहिले आहे. ते बंदर म्हणजे आपले कल्याण होय असे पुष्कळ विद्वान समजतात. त्या जुन्या मंडळीची वही कोठे गेली, तिच्यात कोणाची नावे होती? एकही उरलेले नाही. मंडळी असली तरी वही राहिली नाही म्हणजे काय होते, याचे दुसरे उदाहरण देण्याची गरज नाही.

कल्याणास असताना १८७३ च्या सुमारास जानकीबाई वारल्या. नारायण तेव्हा अवघा अकरा वर्षांचा होता. आई गेल्यावर त्या घरात त्याचे मन राहिले नाही, आणि तो घराबाहेर पडून नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वान शास्त्र्यांपाशी त्याला संस्कृतचे अध्ययन करण्यास सापडले. अन्नाची ददात, वस्त्राची ददात, पण विद्येची ददात राहिली नाही. पुढे काही दिवस इंग्रजी शाळेतही गेला. सुमारे १८८० साली नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूर गावातील गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्याचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेविले. तीच पुढे स्मृतिचित्रे लिहिणारी लक्ष्मीबाई. तिचे वय त्या वेळी अकरा-बारा वर्षांचे होते.

लग्नानंतर टिळक एका गावी फार दिवस ठरले नाहीत. कोठे शिक्षक, कोठे पुराण सांगणारे, कोठे वक्ते, कोठे कवी. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व ऋषी नावाचे मासिक चालविले. जातिभेद, मूर्तिपूजा यांविषयी त्यांच्या मनात उलथापालथ चाललीच होती. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. दोघांचे धर्माविषयी बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांस नव्या कराराचे पुस्तक दिले. टिळकांनी ते वाचण्यास घेतले व डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. त्या गृहस्थाचे नाव त्यांनी विचारून घेतले नाही. पुढे शोधकांनी एक नाव सुचविले आहे. पण टिळकांच्या स्वतःच्या सांगण्यात तो अनामिकच राहिला. विश्वासाच्या नात्याने ज्याला त्यांचा पूर्वज म्हणावे, त्याचेच नाव नाही! आपल्याही पुष्कळ घरांत असेच आहे. प्रथम वार्ता कोणी आणली हे विचारावे तर एक घोड्यावरचा साहेब, किंवा पाटीपुस्तक घेऊन आलेला एक मास्तर, एवढेच सांगतात.

१८९५ च्या १० फेब्रुवारीस मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, एका देशी पाळकाच्या हातून टिळकांचा बाप्तिस्मा झाला. जन्माच्या सालाविषयी वाद आहे. या तारखेविषयी नाही. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुष्कळ लोक बाप्तिस्मा घेताना नवे नाव घेत. पवित्र शास्त्रातील नाव धारण करण्याची हौस तेव्हाही होती व आजही आहे. टिळकांनी नाव बदलले नाही. नारायण राहिले, बापाचे वामन राहिले, टिळक हे आडनावही राहिले. नारायण हे तर देवाचे नाव. तथापि त्यांस त्यात संकोच वाटला नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हे जे ते पुढे चोवीस वर्षे सांगत राहिले, ते प्रथम त्यांनी आपल्या नावात लिहून ठेविले. शोध करणाऱ्याला त्यामुळे केवढी सोय झाली! जुन्या वहीतील नाव व नव्या वहीतील नाव एकच असल्यामुळे करजगावचा मुलगा तोच मुंबईतील नवा ख्रिस्ती हे सिद्ध करण्यास साक्षीदार लागत नाही. जेथे विठोबाचा योहान झाला व बापाचे नाव लिहावयाचे राहिले, तेथे दोरा तुटला.

परंतु नाव राहिले म्हणून नाती राहिली असे नाही. जातीच्या दृष्टीने टिळक मेल्यात जमा झाले. सर्वांत मोठा घाव लक्ष्मीबाईंवर पडला. पती जिवंत आणि घर मोडलेले; कडेवर दत्तू नावाचा लहान मुलगा. नातलगांच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढिले, काही काळ पंढरपुरास बहिणीच्या घरी. त्या काळी १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याची बायको धर्मांतरामुळे त्याच्यापाशी नांदण्यास तयार नसेल, तर तो कोर्टात अर्ज करी. कोर्ट तिला विचारी, वर्षभर मुदत देई, व नंतर विवाह मोडून दुसरे लग्न करण्याची मोकळीक देई. टिळकांनी त्या वाटेस पाऊल घातले नाही. त्यांनी वाट पाहिली. पत्रे लिहिली, भेटीस गेले, कधी रागावले, कधी रडले. चार वर्षांहून अधिक काळ असा गेल्यावर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरास आल्या. आल्या त्या हिंदू म्हणून आल्या. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळे निराळे. आणि पतीने ते सर्व चालू दिले. जातिभेद खोटा आहे हे त्यांचे त्यांस हळूहळू उमजले, व १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

आम्हांस असे वाटते की मंडळीच्या दप्तरात या नोंदीसारखी दुसरी नोंद थोडी असेल. नोंद वाचणाऱ्याला पतीची तारीख १८९५ व पत्नीची १९०० एवढेच दिसते. मधल्या पाच वर्षांस दप्तरात रकाना नाही. आपल्या पणजोबाची व पणजीची तारीख वेगवेगळी आढळली तर घाईने पुढे जाऊ नये. तेथे काही घडलेले असते, आणि ते घरातील वृद्ध स्त्रियांस विचारिल्यावाचून कळत नाही.

त्याच सुमारास महाराष्ट्रावर छप्पन्नचा दुष्काळ कोसळला होता. टिळकांचे बिऱ्हाड नगर व राहुरी या भागात होते. १८९९ व १९०० या वर्षांत खेडीच्या खेडी ओस पडली. आईबाप वारलेली, टाकलेली, चुकलेली मुले मिशनच्या अनाथगृहांत आली. टिळक दंपतीने अशा मुलांसाठी कष्ट केले, कित्येकांस पोटच्या मुलांसारखे वागविले. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेली बाई महार-मांगांच्या मुलांची वेणीफणी करू लागली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. पण आमच्या विषयाला लागून असलेली गोष्ट ही की त्या मुलांपैकी पुष्कळांस आपले गाव सांगता येत नव्हते, बापाचे पुरते नाव सांगता येत नव्हते. वहीत लिहिणाऱ्याने जे ऐकिले ते लिहिले. ज्यांचे पणजोबा अशा अनाथगृहातून आले, त्यांची वंशावळ तेथेच थांबते. त्यापुढे शोध करून हाती काही लागेलच असे आम्ही सांगू शकत नाही.

बाकीच्यांसाठी वाट मोकळी आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, जन्माची व बाप्तिस्म्याची तारीख, पाळकाची सही, आणि बहुधा राहण्याचे गाव असते. पुष्कळदा आडनाव नसते. ते मागून गावावरून किंवा आजाच्या नावावरून पडलेले असते. म्हणून आडनाव धरून न शोधिता गाव व बापाचे नाव धरून शोधावे. लग्नाची वही त्याहून उपयोगी, कारण १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणे ती नीट ठेवावी लागते, तिच्यात दोन्हीकडच्या बापांची नावे असतात, व तिच्या नकला सरकारात जातात. एका मंडळीतून दुसरीत जाणाऱ्यास दाखला देत. त्या दाखल्यांच्या नोंदी मिळाल्या तर नगरचे कुटुंब ठाण्याकडे कधी आले हे कळते. फार जुनी टिपणे मोडी लिपीत असतील तर जाणत्याकडून वाचून घ्यावी. आणि मंडळीचे नाव बदललेले असेल हेही लक्षात ठेवावे : अमेरिकन मराठी मिशनने नगरात १८३१ साली काम सुरू केले, त्याच्या पुष्कळ मंडळ्या पुढे संयुक्त मंडळीत गेल्या, आणि १९७० साली उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. नगर शहराचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे. वही तीच, वरचे नाव निराळे.

आम्ही एकदा एका खेड्यातील मंडळीत, तिचे नाव घेत नाही, जुनी वही पाहण्यास मागितली. पेटी उघडली तो आत भुसा. वाळवीने कातडी बांधणी तेवढी ठेविली होती. ज्या वृद्ध गृहस्थांनी किल्ली आणली ते बराच वेळ काही बोलले नाहीत; त्यांच्या सात भावंडांची नावे तीत होती. ज्या उपदेशकांच्या हाती अशी वही असेल त्यांनी तिची नक्कल करून दोन ठिकाणी ठेवावी. आता तर हातातल्या फोनने पानांची छायाचित्रे घेता येतात; त्याला एक दुपार पुरते.

टिळकांकडे वळू. १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी शिकविले, खेड्यांत कीर्तने केली, पदे रचिली. ज्ञानोदय हे १८४२ साली निघालेले पत्र. १९१२ पासून त्याच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्या काळच्या अंकांत मंडळ्यांची वर्तमाने व निधनवार्ता छापून येत. जुन्या फायली जेथे असतील तेथे शोध करणाऱ्याने जरूर पाहाव्या. त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले हे सर्वश्रुत आहे. वंश रक्ताचाच असतो असे त्या घरात कोणी मानीत नव्हते.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडिली, साताऱ्यास राहिले, व देवाचा दरबार नावाची बंधुमंडळी काढिली. तीत बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त घ्यावे असा त्यांचा विचार होता. पुष्कळांस तो पटला नाही, आणि आमच्या मते त्या शंकेला कारणही होते. पण हेतूविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. ज्याने दोन वह्यांमधली दरी स्वतः ओलांडिली होती, त्याला जिच्यात दोघांचीही नावे मावतील अशी तिसरी वही हवी होती. ती फार दिवस चालली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला व रक्षा नगरास आणून पुरण्यात आली. पूर्वजांच्या रीतीने दहन आणि मंडळीच्या भूमीत थडगे, असे त्यांचे शेवटही दोन्हीकडचे झाले.

त्यांनी ख्रिस्तायन हे मोठे काव्य आरंभिले होते. ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. तेव्हा पुत्र देवदत्त यांनी शेवट जोडून १९३८ साली ग्रंथ छापविला. पंढरपुरास आईच्या कडेवर असलेला दत्तू तो हाच. त्यानेच आईला आठवणी लिहिण्यास लाविले, व त्यांतून स्मृतिचित्रे झाली. लक्ष्मीबाई जशा आठवेल तशा सांगत गेल्या. सालाची पर्वा त्यांनी फारशी केली नाही. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पत्रे, जुनी नियतकालिके, कागदपत्रे धुंडून आजीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती टिपांसह सिद्ध केली, व आजोबांचे चरित्रही लिहिले. आजीची आठवण व कागदावरची तारीख यांचा मेळ जेथे बसला नाही, तेथे त्यांनी दोन्ही वाचकापुढे ठेविल्या.

मांजर्लीहून नगरकडे कोणी शोधासाठी जाणार असेल तर त्याने निघण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून गावाचे नाव, पाटलाचे नाव, नदी किंवा डोंगर कोणता दिसे, लग्नाचे वऱ्हाड कोणत्या वाटेने आले, एवढे लिहून घ्यावे. आणि तेथील पाळकांस आधी पत्र पाठवावे, कारण उपासनेच्या गर्दीत वही काढून दाखविण्यास कोणासच फुरसत नसते.